जास्तीचा खण

झरी, माघ वद्य ५, शके १८५८

सौ. कमल हिला झरीहून अंगदचा मनापासून आशीर्वाद.

तुला बरं वाटंल ती गोष्ट आधी सांगतो. वाटणी झाली. पंच मारुतीच्या पारावर बसले अन् तिथंच झाली. पंचांनी इचारलं, "किशनराव, कबूल हाय का?" तवा दादा पारावरनं खाली थुंकला अन् म्हणाला, "बायकोच्या मागं जाणाऱ्याला भाऊ कशाला लागतो? घ्या म्हणावं." मोठं घर अन् विहिरीजवळची काळी जमीन दादाकडं. आपल्याला ओढ्याकाठची सात एकर, एक बैलजोडी अन् गावाच्या उगवतीची पडीक जागा. मी अडून बसलो न्हाई. सुटलो हेच लय झालं.

आता घर. आश्रुबा बेलदाराला बोलावून काल जागेवर दोरी लावली. पाच खणांचं माळवदी घर धरलंय. रस्त्याकडचे दोन खण ढाळजेला, चार माणसं येऊन बसतील अशी ऐसपैस. मागं एक खण माजघर, एक सैपाकघर अन् एक दाण्याला. पाया ओढ्यातल्या दगडाचा, भिंती पांढऱ्या मातीच्या. चौकट सागवानी, वर कमळं कोरलेली. दादाच्या दारावर दोन कमळं हायेत, आपल्या दारावर चार पायजेत. लाकूड अन् मजुरी धरून निजामाच्या पाचशे हाली रुपयांपर्यंत जाईल. कापसाचे निम्म्याहून जास्त हातात हायेत, बाकीचं बघू.

तुझा हात कसा हाय? हाडवैद्यानं कामट्या सोडल्या का? दादानं तुझ्यावर रुमणं उगारलं तो दिवस माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाई.

अक्षयतृतीयेला नव्या घरात शिरायचं. तुला कसं पायजे ते लिही. सासरेबुवांना नमस्कार सांग.

अंगद

.

सोनपेठ, फाल्गुन शुद्ध ३

तुमच्या पायांवर डोकं ठेवून कमल लिहिते.

वाटणीचं वाचून आबांनी देवापुढे साखर ठेवली. माझा हात बरा आहे. भाकरी थापते, धुणं धुते, काळजी करू नका.

घराबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, रागावू नका. कमळं नकोत. ढाळज नको. आपल्याकडे चार माणसं बसायला कोण येणार आहे? पंचांनी वाटणी केली, पण गावात थोरल्यांशी वाकडं घेऊन आपल्या ओट्यावर पाय ठेवणारा एक तरी माणूस सांगा. तुम्ही भावाच्या डोळ्यांसाठी घर बांधू नका.

त्या दिवशी मी चुलीपुढे बसले होते. वाटणी मीच मागितली, सगळ्यांसमोर मागितली, हे खरं. थोरले नांगराचं रुमणं घेऊन आत आले. त्या सैपाकघराला एकच दार, आणि दारात ते. पहिला तडाखा पाठीवर बसला. दुसरा मी हातावर घेतला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला आणि दुखणं नंतर समजलं. मी ओरडले ते आतल्या आत घुमलं, गल्लीत कोणाला ऐकू गेलं नाही. तुम्ही चौकात उभे होतात. त्याच्या पुढचं मी लिहीत नाही.

म्हणून मला सैपाकघर मागे कोपऱ्यात नको, रस्त्याच्या बाजूला हवं, आणि त्याला दोन दारं हवीत. एक माजघरात उघडणारं, एक सरळ बाहेर परसात. चुलीपुढे बसलं की दोन्ही दारं दिसली पाहिजेत. दोन्हींना आतून लाकडी अडसर, एका हातानं टाकता येईल इतका हलका. भिंतीला माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर झरोका ठेवा, म्हणजे ओरडलं तर बाहेर जाईल. चौकट बाभळीची चालेल. कमळांचे पैसे अडसराला आणि बिजागऱ्यांना लावा. कमी पडलं तर माझ्या पाटल्या आबांच्या पेटीत आहेत.

एवढं असेल तर मी येईन.

कमल

.

झरी, फाल्गुन वद्य ८

सौ. कमल हिला आशीर्वाद.

तुझं पत्र आश्रुबाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मालक, बाईसाहेब घर सांगायल्यात का गढी?" पण दोरी काढून पुन्हा लावली. सैपाकघर पुढं घेतलं, दोन दारं धरली, झरोका धरला. ढाळज एका खणाची ठेवतो, तेवढं माझं ऐक. पुरुषाला बसायला जागा लागती.

अडसर एका हातानं टाकता यावा असं लिहिलंस त्याचं हसू आलं. दुसऱ्या हातात काय लाटणं धरणार हायेस?

पाया भरला. भिंती गुडघ्याला आल्या. मधी दादाची गुरं ओल्या भिंतीत शिरली, एक बाजू बसली, ती पुन्हा उचलली. आश्रुबाच्या हाताला कामात थोडी इजा झाली म्हून काम थांबलंय. मी लाकूड बघायला जिंतूरला जाऊन आलो. भाव लय चढलेत, पण चांगल्या तुळया मिळाल्या.

पाटल्या राहू दे. त्या मोडायची येळ मी येऊ देणार न्हाई.

अंगद

.

सोनपेठ, चैत्र शुद्ध ११, शके १८५९

काल सोनपेठच्या बाजारात आश्रुबाची बायको भिवराबाई भेटली. इथं तिचं माहेर आहे. तिनं मला ओळखलं, मी तिला ओळखलं नाही, इतकी ती वाळली आहे. मी विचारलं, "आश्रुबाचा हात बरा झाला का?" ती म्हणाली, "कोणता हात, बाई?"

तुम्ही लिहिलंत, कामात थोडी इजा झाली. तिनं सांगितलं ते लिहिते.

तुम्ही जिंतूरला गेलेला दिवस होता. गुरं भिंतीत शिरली नाहीत, थोरल्यांनी आणि तुमच्या चुलतभावानं, भुजंगनं, काठ्या घेऊन ती हाकत आणली. माती तुडवून झाली. मजूर पळाले, त्यातल्या एकाला भुजंगनं पाठीत मारून आडवा केला. आश्रुबा पळाला नाही. म्हणाला, "मालक, मी मजुरीचा माणूस हाय, तुमच्या भांडणात न्हाई." थोरल्यांनी शांतपणे विचारलं, "दोरी कोणत्या हातानं लावलीस?" त्यानं उजवा पुढे केला. त्याला वाटलं, खरंच विचारताहेत. भुजंगनं तो हात मनगटाला धरून पायाच्या दगडावर दाबला आणि थोरल्यांनी आश्रुबाचाच घण उचलून घातला. हे सगळं भिवराबाई माती कालवताना बघत होती. तिनं सांगितलं, "बाई, दगड फुटतो तसा आवाज न्हाई झाला. वलं लाकूड पिचतं तसा झाला."

वैद्यानं चार बोटं काढली. अंगठा राहिला.

मला फसवून तुम्ही कोणाला घरात आणणार होतात? लाटण्याचं हसू तुम्हाला आलं तेव्हा त्या माणसाचा हात कापडात बांधलेला होता.

घर थांबवा. आबा म्हणतात, सोनपेठला या, इथं जमीन वाट्यानं करा. मला खण नको, अडसर नको. तुम्ही जिवंत या.

कमल

.

झरी, चैत्र वद्य १२

कमल,

आता काही लपवीत न्हाई.

जिंतूरहून तुळया आल्या त्या जागेवर रचून ठेवल्या होत्या. रामनवमी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गाव शेताला निघायच्या येळेला, दादा स्वतः आला. संग भुजंग. तुळयांवर कडबा टाकला, राकेल वतलं अन् पेटवलं. मी धावलो तर भुजंगनं मला मागनं मिठी घातली अन् दादानं पोटात गुडघा मारला. मी खाली पडलो. दादा माझ्या छातीवर पाय ठिवून जाळाकडं बघत हुबा राहिला. म्हणाला, "अंगद्या, तुला मी लहानाचा मोठा केला. तू माझ्या समोर दुसरी चूल मांडणार? त्या बाईला आणणार? ती आली तर ह्याच्यात टाकीन." माणसं वेशीत हुबी होती. एक पुढं आला न्हाई. सागवान जळताना लय वास येतो, कमल. गोड वास येतो. मला अजून भाकरीला तोच वास लागतो.

पोलीस पाटलाकडं गेलो. म्हणाले, "घरातलं भांडण घरात मिटवा." ठाण्यावर अर्जी दिली. अमीनसाहेबांनी ठिवून घेतली.

सोनपेठला यायचं मनात आणलं होतं. बैल जुपले होते. तेवढ्यात आश्रुबा आला, डाव्या हातात वळंबा घेऊन, मागं भिवराबाई अन् तिचे दोन भाऊ. म्हणाला, "मालक, काम सोडून गेलात तर माझा हात फुकट गेला." मी बैल सोडले. भिंती आता छातीला आल्यात. तुळया बाभळीच्या घालणार, माझ्या धुऱ्यावरच्या चार बाभळी तोडल्या. ढाळज काढून टाकली. कमळंही काढली.

अजून एक लिहायचंय. काल दुपारी वहिनी आल्या, धुरपताबाई. तोंडावर पदर होता. पदर काढला तर एक डोळा दिसंना इतका सुजला होता. मी उपाशी हाय म्हून त्यांनी पोरीच्या हाती भाकरी धाडली होती, ती दादानं बघितली. भिंतीला हात लावून म्हणाल्या, "भावजी, ह्या घराला एक खण जास्तीचा घाला की. माझ्या दोन पोरी अन् मी कोपऱ्यात राहू."

मी काय सांगणार? दादाची बायको, मी एकटा हितं, तू तिकडं. लोक काय म्हणतील? मी म्हणालो, वहिनी, घरी जा. त्या गेल्या.

मी बरोबर केलं का?

अंगद

.

सोनपेठ, वैशाख शुद्ध २

मला विचारता, बरोबर केलं का!

माझा हात मोडला त्या दिवशी आपलं लुगडं फाडून मला कोणी बांधलं? तुम्ही नाही. जाऊबाईंनी. मला गाडीत घालून वेशीपर्यंत त्या चालत आल्या आणि त्याबद्दल घरी गेल्यावर त्यांनी काय भोगलं ते मी कधी विचारलंही नाही. आणि त्यांना तुम्ही घरी जा म्हणालात. कोणत्या घरी?

खण घाला. आजच घाला. माझ्या माजघरातून काढावा लागला तरी घाला. त्यांना वेगळी चूल, वेगळं दार, आणि पोरींना निजायला जागा. लोक म्हणतील ते मला म्हणू द्या, मी आल्यावर ऐकीन.

पाटल्या मोडल्या. आबांच्या गड्याबरोबर रुपये धाडले आहेत, मोजून घ्या. त्यातले आधी आश्रुबाला द्या.

तुम्ही लपवलंत तसं मीही लपवलं, ते आज लिहून टाकते. हात बरा नाही. हाड वाकडं जुळलं. डावा हात कोपरापुढे उचलत नाही, बोटं मिटत नाहीत. भाकरी आई थापते. अडसर एका हातानं टाकता यावा असं लिहिलं ते यासाठी.

कमल

.

परभणी तुरुंग, ता. १२ जून १९३७

सौ. कमल हिला आशीर्वाद.

हे पत्र इथले लोक वाचून मग टपालात टाकतात म्हून थोडक्यात लिहितो. सासरेबुवांना कुणीतरी सांगितलं असंलच.

दादा मेला. मी मारला. बाजारचा दिवस होता, भर दुपार, मजूर नव्हते. दादा कुऱ्हाड घेऊन नव्या घरात शिरला अन् मला मारलं. मी घण उचलला. दोन घाव घातले. तिथं तिसरं कुणी नव्हतं. अशी जबानी मी दिली हाय अन् त्यावर अंगठा न्हाई, सही केली हाय. सरकारी वकील फाशी मागतो म्हणतात. आमचा वकील म्हणतो, दादा हत्यार घेऊन आला होता म्हून तेवढं होणार न्हाई.

तुझं पत्र अन् रुपये मिळाले होते. खण घातला. आश्रुबाचं देऊन झालं. वरचं माळवद राहिलं. पावसात भिंती जातील, जाऊ दे. बैल विकून टाक. तू झरीला जाऊ नको.

अंगद

.

झरी, आषाढ वद्य ४

हे पत्र आबा भेटीला येताना स्वतः आणताहेत. कोणी वाचणार नाही. म्हणून सगळं लिहिते.

तुम्ही नको म्हणालात तरी मी झरीला आले. मोठ्या घरात भुजंग राहायला आला आहे. थोरल्यांना मुलगा नाही आणि तुम्ही आत, म्हणून तेराव्याच्या आधीच त्यानं कुलूप लावलं आणि जाऊबाईंना पोरींसकट बाहेर काढलं. मी आपल्या घराशी गेले तर चार भिंतींवर आभाळ, आणि त्या जास्तीच्या खणात कडब्याखाली जाऊबाई दोन्ही पोरींना घेऊन बसलेल्या.

त्यांनी मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी थोरल्यांनी उलथनं तापवून त्यांच्या मांडीला लावलं. पोरी शेजारी होत्या. जाऊबाई पळत सुटल्या त्या आपल्या नव्या घरात शिरल्या. थोरले कुऱ्हाड घेऊन मागे. तुम्ही दारात आडवे झालात. कुऱ्हाडीची मागची बाजू तुमच्या कपाळात बसली आणि तुम्ही पडलात. मग त्यांनी जाऊबाईंचे केस हाताला गुंडाळून त्यांचं डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, आणखी. भिंत ओली होती म्हणून डोकं फुटलं नाही, मातीत रुतत होतं. त्यांच्या हाताला आश्रुबाचा घण लागला. पहिला घाव थोरल्यांच्या गुडघ्यावर बसला. ते खाली आले. वर बघून म्हणाले, "धुरपे, तू?" तेव्हा दुसरा.

तुम्ही शुद्धीवर आलात, त्यांच्या हातातून घण काढून घेतलात आणि म्हणालात, "तुमी हितं नव्हता. घरी जा, अंगावर पाणी घ्या, पोरींना जेवू घाला." त्या गेल्या. तुम्ही पोलीस पाटलाकडे गेलात.

हे खरं की नाही?

मी त्यांना म्हटलं, चला, हे अमीनाला सांगू. त्या लगेच उठल्या. ठाण्यात अमीन ऐकत राहिला आणि हसला. "देवर कू बचाने आई क्या?" म्हणाला, असं लिहून घेतलं तर दीर-भावजयीचं काय होतं तेही लिहावं लागेल, लिहू का? जवान हसायला लागले. त्यानं आम्हाला हाकलून दिलं. आम्ही गावात पोचायच्या आत ते गावात पोचलं होतं. भुजंगनं वेशीत उभं राहून ओरडून सांगितलं, किशनरावला दोघांनी मिळून मारलं, घर त्यासाठीच बांधत होते.

घरात आल्यावर मी जाऊबाईंना विचारलं, "काही होतं का?" त्या म्हणाल्या, "तूच इचारायलीस?" मी त्यांच्या थोबाडीत मारली. चांगल्या हातानं, सगळा जीव लावून. त्यांच्या ओठातून रक्त आलं. धाकटी पोर रडायला लागली. जाऊबाईंनी मला परत मारलं नाही. पदरानं ओठ पुसून चूल पेटवायला बसल्या.

मला तुमच्याकडून खरं हवं आहे. आणि दुसरं हेही हवं आहे की, तुम्ही माझी वर्षं दुसऱ्या बाईला देऊन टाकलीत तेव्हा मला का विचारलं नाहीत? घर बांधताना दार कुठं घालू ते विचारत होतात.

कमल

.

परभणी, श्रावण शुद्ध १२

कमल,

कागद सासरेबुवांनी आत आणला, त्यांच्याच हाती परत देतो.

काही नव्हतं. वहिनीच्या डोळ्याकडं मी धड बघितलंसुद्धा न्हाई कधी. तू म्हणशील त्या देवाची आण घेतो. पण तुला पटलं न्हाई तर आण घेऊन काय व्हणार.

तुझ्या येळी मी चौकात हुबा राहिलो. तू ते लिहिलंस, मी ती ओळ सोडून पुढं वाचलं. दादानं मला पाठीवर घेऊन शाळेत नेलं होतं, त्याच्यापुढं माझे हातपाय चालत न्हाईत. त्या दिवशी दारात आडवा झालो, एवढंच मला जमलं. पडल्यावर डोळे उघडे होते, कमल. दिसत होतं. उठता येत होतं का नव्हतं ते मला आजपर्यंत ठरवता आलं न्हाई. त्या बाईनं मारलं ते मी मारायला पायजे होतं. मग निदान त्याचा भोग तरी माझा.

वहिनी आत आल्या तर पोरी भुजंगच्या हातात जातील. थोरली नऊ वर्षांची हाय. तो तिचं काय करील ते तुला सांगायला नको.

तुला इचारलं न्हाई. इचारायला येळ नव्हता असं लिहिणार होतो. पण ते खोटं हाय. हवालातीत येळच येळ होता. तू न्हाई म्हणशील म्हून इचारलं न्हाई.

काल निकाल लागला. सात वर्षं. दादा हत्यार घेऊन घरात शिरला हे न्यायाधीशांनी धरलं. तू सोनपेठला राहिलीस, दुसरं काही ठरवलंस, तरी मी बोलणार न्हाई.

अंगद

.

झरी, मार्गशीर्ष शुद्ध ६

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मला चार महिने लागले. आधी काम झालं, मग लिहिते.

पावसात उत्तरेची भिंत गेली. बाकीच्या राहिल्या. आश्विनात पाऊस उघडल्यावर आश्रुबा आणि भिवराबाई आले. तो डाव्या हातानं दाखवतो, ती रचते, मी आणि जाऊबाई माती कालवतो. दोघींचे मिळून तीन हात, पण पोरीही पाणी आणतात. बैल विकले नाहीत, आबांचा गडी पेरणी करून गेला. बाभळीच्या तुळया चढवल्या, वर फांट्या आणि लिंबाचा पाला, त्यावर पांढरी माती. लोखंड आणि मजुरी धरून पाटल्यांचे रुपये संपले, कापूस आला की पुढचं. माळवद झालं, गळत नाही.

भुजंग दिवाळीच्या आधी आला, सकाळी उन्हं वर आल्यावर, दोन माणसं घेऊन. थोरल्या पोरीचं लग्न त्यानं कुठल्याशा गावच्या चाळिशीच्या माणसाशी ठरवलं म्हणे, पैसे घेऊन. "भावकीचा मी, पोर माझी," म्हणाला आणि तिला दंडाला धरून ओढायला लागला. जाऊबाईंनी पहार उचलली. दुसऱ्या माणसानं त्यांना ढकलून खाली पाडलं आणि पोटात लाथ घातली. मी विळा घेऊन गवत कापत होते. मी ओरडले नाही. विळा भुजंगच्या मनगटावर घातला आणि ओढला. हाडाला लागल्याचं हाताला कळलं. पोर सुटली. त्याच्या हातातून रक्त कसं उडालं ते सांगता येत नाही, माझ्या तोंडावर, भिंतीवर, पोरीच्या केसांत. त्याची माणसं त्याला उचलून घेऊन गेली.

पोलीस पाटील येऊन बघून गेले. मी म्हटलं, लिहून घ्या, पोर ओढायला आला होता. त्यांनी काही लिहिलं नाही. भुजंग पुन्हा आला नाही. त्याची तीन बोटं वाकत नाहीत असं कळलं.

भिंत धुताना मला थोरल्यांची आठवण आली. मारताना त्यांना असंच हलकं वाटत असेल का? मला हलकं वाटलं होतं. मी विळा नेऊन ओढ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी जाऊन शोधून आणला. ज्वारी कापायची होती.

तुमच्या पत्रातलं मला पटलं. जाऊबाईंना मी ते बोलून दाखवलं नाही, पण मी त्यांच्या ताटात जेवायला बसले तेव्हा त्या समजल्या. पटलं म्हणून राग गेला असं मात्र धरू नका. उठता येत होतं की नव्हतं ते तुम्ही तिथं बसून ठरवा. वेळ आहे.

मी सोनपेठला जाणार नाही. ही जमीन मी करते आहे आणि हे घर मी बांधलं आहे.

आता घर कसं झालं ते. रस्त्याच्या बाजूला माझं सैपाकघर. त्याला लागून माजघर, तिथं मी निजते. मग जाऊबाईंचा खण, त्यांची चूल, त्यांचं दार. त्यापुढे दाण्याचा खण, त्यात सध्या भिवराबाईची माणसं कामाच्या दिवसांत उतरतात. शेवटचा खण पोरींनी घेतला, तिथं त्यांनी भिंतीवर गेरूनं मोर काढले आहेत, पाय जरा लांब झाले आहेत.

मी हे लिहिताना जाऊबाई ज्वारी पाखडत होत्या. म्हणाल्या, "काय लिहायलीस एवढं?" मी म्हटलं, "घराची मांडणी." त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "भावजीची जागा कुठं दाखवलीस?"

मी म्हटलं, "अजून दाखवली नाही."

कमल